कालवा, कोयता आणि वर्ग: बारामती-इंदापूर परिसरातील मिश्र लोकसंस्कृती आणि शाळा

१. विषय आणि संज्ञा

एका समाजात राहणाऱ्या निरनिराळ्या संस्कृतींच्या लोकांना आपली ओळख न सोडता समान नागरिक म्हणून वावरता यावे, आणि त्यासाठी राज्यसंस्थेने नुसते सहन करण्यावर न थांबता कायदा, संस्था व शिक्षण यांत त्या वेगळेपणाची दखल घ्यावी, या विचाराला बहुसंस्कृतिवाद असे नाव आहे. कॅनडाने १९७१ मध्ये तो शासकीय धोरण म्हणून स्वीकारला आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. पुढे ब्रिटनमध्ये मूळचे गुजरातचे असलेले राजकीय तत्त्वज्ञ भिखू पारेख यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची पुनर्मांडणी केली. या मांडणीच्या मुळाशी पाश्चात्त्य देशांचा एक विशिष्ट अनुभव आहे. तेथे आधी एक बहुसंख्य समाज स्थिरावलेला होता, नंतर बाहेरून निराळ्या भाषांचे व धर्मांचे लोक आले, आणि आलेल्यांना सामावून कसे घ्यावे हा प्रश्न उभा राहिला. (कॅनडातील मूळनिवासी आणि फ्रेंच भाषक यांचा प्रश्न अर्थातच याहून जुना आणि वेगळा होता.)

दुसरी संज्ञा संमिश्रतेची आहे. दोन किंवा अधिक संस्कृती दीर्घकाळ शेजारी राहिल्या, की त्यांच्या देवघेवीतून असे काही तयार होते की ज्याच्यावर कोणा एकीचा हक्क सांगता येत नाही. मुंबईत जन्मलेले समीक्षक होमी भाभा यांनी १९९४ च्या ग्रंथात या प्रक्रियेची चर्चा प्रामुख्याने वसाहतवादाच्या संदर्भात केली. महाराष्ट्रात हाच विषय रा. चिं. ढेरे यांनी लोकदैवतांच्या अभ्यासातून फार वेगळ्या वाटेने हाताळला. ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या त्यांच्या १९८४ च्या ग्रंथात पंढरपूरचे दैवत गवळी-धनगरांच्या पशुपालक परंपरेपासून वैष्णव भक्तीपर्यंत कसे वाढत गेले, याचा शोध आहे. भारतीय राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांतही देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचे कर्तव्य आहे.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या दोन संज्ञांच्या मध्ये उभा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व व आग्नेय टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, एकीकडे नीरा आणि दुसरीकडे भीमा यांच्या दरम्यान, मिश्र संस्कृती आधीपासून नांदते आहे आणि नवी माणसेही सतत येत आहेत. म्हणून येथील शाळेपुढचा प्रश्न वैविध्य आणावे कसे, हा नाही. जे वैविध्य वर्गात येऊन बसले आहे, किंवा वर्गाच्या दारातून परत फिरले आहे, ते शाळेच्या रोजच्या कामात, म्हणजे हजेरी, वाचन, गणित, परिसर अभ्यास यांत, दिसते की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि सरमिसळ म्हणजे समता नव्हे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

२. पाण्यामागून आलेली माणसे

या परिसराची वस्ती कशी घडली हे समजण्यासाठी पाण्याचा इतिहास पाहावा लागतो. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कमी पावसाच्या राहिलेल्या पट्ट्यात येतात. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळात नीरा डाव्या कालव्याचे काम सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर या दिशेने वाहू लागले. त्यामुळे एकट्या बारामती तालुक्याचे दोन प्रदेश झाले. दक्षिणेकडचा नीराकाठ बागायत झाला, तर सुपे-मोरगावकडचा उत्तर भाग जिरायत, म्हणजे पावसावर अवलंबून राहिला. बारामती तालुक्यातील दोन शाळांमधली मुले आजही या एका कारणाने निराळ्या जगातून येतात: एकीकडे उसाचे वेळापत्रक असते, दुसरीकडे ज्वारी-बाजरीचे आणि उन्हाळ्यातल्या टँकरचे.

कालव्याचे पाणी आले तसे त्यामागून शेतकरी आले. बागायतीत पारंगत असलेले सासवडकडचे माळी कालव्याच्या पट्ट्यात जमिनी खंडाने घेऊन ऊस लावू लागले आणि गूळ करू लागले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत वाढली. सोलापूरच्या गुजराती दिगंबर जैन कुटुंबातील उद्योजकाने नीरेकाठच्या माळरानावर वसवलेल्या या गावात यंत्रकामगार, कारकून, अभियंते आणि शेतमजूर निरनिराळ्या प्रांतांतून आले, त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, आणि शहरात दिसणारी बहुभाषिकता एका ग्रामीण तालुक्यात अवतरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि नंतर इंदापूरच्या बाजूचे सहकारी कारखाने उभे राहिल्यावर ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून व नगर जिल्ह्यातून येणाऱ्या टोळ्यांचा वार्षिक ओघ सुरू झाला.

पाण्याने माणसे आणली तशी हलवलीही. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरील गावे जलाशयाखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही उघडे पडते. विस्थापितांची नवी गावठाणे वसली, जलाशयात मासेमारी वाढली, भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबे काठावर स्थिरावली, आणि भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागल्यावर त्याच कुटुंबांतील तरुण पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवू लागले. अलीकडच्या काळात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो यांसारख्या इटालियन कंपन्यांचे कारखाने आले, वस्त्रोद्योग आला, बांधकामे वाढली, आणि उत्तर भारतातील कामगारांची कुटुंबे शहराच्या कडेने राहू लागली. थोडक्यात, गेली सव्वाशे-दीडशे वर्षे या परिसरात ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ ही विभागणी दर पिढीला नव्याने केली गेली. काल पाण्यामागून आलेला आज गावकरी झाला आणि आज आलेल्याला बाहेरचा म्हणू लागला.

३. जुनी सरमिसळ आणि तिच्या मर्यादा

कालव्याच्या कितीतरी आधीपासून या भागाची संस्कृती मिश्र होती. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते आणि इंदापूरच्या लढाईत त्यांना मृत्यू आला. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाने झाले म्हणून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. भीमेपलीकडे श्रीगोंद्याला ज्यांची समाधी आहे आणि ज्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्या शेख महंमद या संतकवींशीही मालोजीराजांचा गुरुशिष्यसंबंध परंपरेने जोडला आहे. अष्टविनायकांतील पहिला गणपती मानल्या जाणाऱ्या मोरगावच्या मंदिराच्या चारही कोपऱ्यांवर मिनारांसारखे मनोरे आहेत. शेजारच्या जेजुरीच्या खंडोबाची एक पत्नी म्हाळसा ही लिंगायत वाण्याची आणि दुसरी बाणाई ही धनगराची. मुसलमान भाविकांचेही त्या देवस्थानाशी जुने नाते आहे. गावोगावी मोहरमचे डोले उचलणारे हिंदू खांदे आणि ग्रामदैवताच्या जत्रेत मान असलेला मुलाणी, ही पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामजीवनातील परिचित दृश्ये आहेत.

साहित्याच्या बाबतीतही हेच दिसते. बारामतीत नाईक घराण्याच्या आश्रयाने राहून १७९४ मध्ये तेथेच देह ठेवणाऱ्या मोरोपंतांनी संस्कृतप्रचुर मराठीत आर्या रचल्या. त्याच बारामतीतून दरवर्षी आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी अभंग गात जाते. आणि तेथल्याच माळावर धनगर बिरोबाच्या, खंडोबाच्या ओव्या ढोलाच्या तालावर रात्रभर गातात. पंडितांची, वारकऱ्यांची आणि मेंढपाळांची अशा तीन मराठी एका तालुक्यात नांदल्या, त्यांतल्या दोन पाठ्यपुस्तकात पोचल्या आणि तिसरी बहुतांशी अभ्यासकांच्या नोंदीत राहिली. धनगरांच्या मौखिक परंपरेचे मोल ओळखून ती आयुष्यभर गोळा करणारे विद्वान गुंथर सोन्थायमर हे जर्मन होते, ही गोष्ट मराठी शिक्षणव्यवस्थेने विचारात घ्यावी अशी आहे.

या वारशाचा अभिमान वाटणे स्वाभाविक असले, तरी त्याच्या मर्यादा न सांगता तो वर्गात मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरते. तुकाराम महाराजांची पालखी बारामती तालुक्यातील काटेवाडीत येते तेव्हा परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर मेंढ्यांचे रिंगण धरतात. या सोहळ्यात प्रत्येक समाजाला मान आहे, यात शंका नाही. परंतु तो मान ज्या गावगाड्यातून आला, त्यात धुणाऱ्याने धुवावे आणि राखणाऱ्याने राखावे हेही जन्माने ठरलेले होते. गावगाडा म्हणजे बलुतेदार-अलुतेदारांच्या सेवांवर चाललेली जुनी ग्रामव्यवस्था. ती कमालीची मिश्र होती आणि तितकीच विषमही होती. तिच्यात माणसे एकमेकांवाचून जगू शकत नव्हती, तरी एकमेकांच्या पंक्तीला बसत नव्हती, आणि काहींना पाणवठ्यावर व देवळात प्रवेशही नव्हता. म्हणून शिक्षकाने मुलांना काटेवाडीच्या पायघड्यांविषयी सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: त्यातला भक्तिभाव आणि त्यामागची श्रमविभागणी. पाचवी-सहावीच्या मुलाला हे कळत नाही असे मानण्याचे कारण नाही, कारण कोणाचे घर गावात कोठे आहे आणि का आहे, हे त्याला शाळेत येण्यापूर्वीच माहीत झालेले असते.

नीरेच्या पलीकडच्या फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या आत्मकथनाने ही बाजू मराठी वाचकांसमोर आणली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात, गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाच्या शिक्षणाची कहाणी आहे. ज्या प्रदेशाच्या मिश्र संस्कृतीचे गोडवे गायले जातात, त्याच प्रदेशातील शाळेत त्या मुलाला परके म्हणून वाढावे लागले. सरमिसळ आणि समता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा याहून जवळचा पुरावा शोधण्याची गरज नाही.

४. हजेरीपटावरचे स्थलांतर

संस्कृतीची चर्चा बहुधा सण, वेशभूषा आणि खाद्यपदार्थ यांवर थांबते. या दोन तालुक्यांत मात्र ती हजेरीपटापासून सुरू करावी लागते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आधी घेतलेली रक्कम, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून फेडतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहतात. त्यांच्याबरोबर आलेली मुले लहान भावंडे सांभाळतात, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात, मोळ्या बांधायला मदत करतात, आणि ऐन शालेय वर्षाचे पाच-सहा महिने त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर गैरहजर राहतात.

नेमक्या याच महिन्यांत बारामती-इंदापूरच्या जिरायत भागातील धनगर कुटुंबे मेंढ्यांचे वाडे घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. वाडा म्हणजे काही कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा फिरता मुक्काम. तो शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवत कोकणाकडे किंवा अन्य दिशांना जातो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततो. म्हणजे एका बाजूने येथील शाळेच्या पटावरची मुले तालुक्याबाहेर जातात आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या जिल्ह्याच्या पटावरची मुले तालुक्यात येतात. शाळेची इमारत, फळा आणि शिक्षक दोन्ही काळांत जागेवर असतात. पहिल्या मुलांसाठी ती शाळा दूर जाते. दुसऱ्या मुलांसाठी ती कोपीपासून हाकेच्या अंतरावर असूनही परकी राहते. बहुसांस्कृतिक वर्गाची या प्रदेशातील पहिली कसोटी हीच आहे, कारण जे मूल वर्गात नाही त्याच्या संस्कृतीचा सन्मान वर्गात करता येत नाही.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमानुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे; दाखला सादर करण्यास विलंब झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्रात कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा, मूळ गावी आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलाने बरोबर न्यायचे शिक्षण हमी पत्रक, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, असे अनेक उपाय झाले आहेत. या उपायांमागे दोन भिन्न भूमिका आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. वसतिगृह मुलाला स्थलांतरापासून वाचवते, पण आईबापांपासून दूर ठेवते. साखरशाळा कुटुंब एकत्र ठेवते, पण मुलांना गावच्या मुलांपासून वेगळे बसवते. गावच्या नियमित शाळेत, नियमित वर्गात, स्थानिक मुलांच्या शेजारी बसवणे हा तिसरा मार्ग सर्वांत अवघड आहे, कारण त्यासाठी नोव्हेंबरात वाढणारा आणि एप्रिलमध्ये घटणारा पट हे संकट न मानता शाळेच्या वार्षिक नियोजनाचा भाग मानावा लागतो. शिक्षकसंख्या, पुस्तके आणि पोषण आहार यांचा हिशेब त्यानुसार झाला, तरच तो मार्ग मुख्याध्यापकाच्या वैयक्तिक सदिच्छेवर अवलंबून राहणार नाही.

५. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

वर्गात मूल पोचले, की पुढची कसोटी भाषेची असते. या परिसरातील कागदोपत्री ‘मराठी माध्यमाच्या’ वर्गात प्रत्यक्षात अनेक भाषा बसलेल्या असतात. बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी घरांतून येणारी मुले दक्खिनी बोलतात. ही दखनेत घडलेली उर्दूची भगिनी आहे आणि शतकांच्या शेजारामुळे मराठीच्या लकबी तिच्यात मुरलेल्या आहेत. कैकाड्यांची भाषा तमिळशी नाते सांगणारी द्राविडी भाषा आहे, वडारांची तेलुगूच्या जवळची आहे, पारध्यांची गुजरातीशी मिळतीजुळती आहे, आणि ऊसतोडीला येणाऱ्या बंजारा मुलांची गोरबोली राजस्थानी गटातली आहे. जुन्या गुजराती जैन व्यापारी घरांत गुजरातीचे अवशेष आहेत, नव्या कामगार वस्त्यांत हिंदीची भोजपुरी-अवधी वळणे आहेत. शिवाय ज्यांची घरची भाषा निःसंशय मराठी आहे, त्या मुलांचीही मराठी पुस्तकातली नसते. मराठवाड्यातून आलेल्या मुलाचा हेल आणि नीराकाठच्या मुलाचा हेल वेगळा असतो, आणि दोघांचाही प्रमाण मराठीपेक्षा वेगळा असतो. प्रमाण भाषा म्हणजे शासन, मुद्रण आणि शिक्षण यांसाठी संकेताने ठरवलेले भाषेचे एक रूप. ते आवश्यक आहे, पण ते शुद्ध आणि बाकीची रूपे अशुद्ध, हा समज भाषाशास्त्राला मान्य नाही.

घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे; २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकतेला अडचण न मानता साधन मानले; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला. परंतु २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून महाराष्ट्रात जो वाद झाला, आणि ज्यात शासनाला जूनअखेर आपले निर्णय मागे घ्यावे लागले, त्या वादात मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्याविषयी भरपूर बोलले गेले. गोरबोली, कैकाडी, पारधी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते, ही गोष्ट मात्र चर्चेच्या कडेलाच राहिली. मराठीच्या रक्षणाची बाजू न्याय्य आहे. पण मातृभाषेचा जो युक्तिवाद दिल्लीपुढे केला जातो, तोच इंदापूरच्या वर्गात पारधी मुलासाठी केला नाही, तर त्याचे नैतिक बळ कमी होते.

याचा अर्थ प्रत्येक बोलीचे स्वतंत्र माध्यम काढावे असा नाही. पाच मुलांसाठी ते शक्य नाही आणि त्या मुलांच्या पालकांची तशी मागणीही बहुधा नसते. त्यांना मराठी आणि इंग्रजी उत्तम यायला हवी असते, आणि ती अपेक्षा रास्त आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून शिकवणारी ‘सेमी इंग्रजी’ ही महाराष्ट्राची व्यवस्था याच अपेक्षेतून तालुक्याच्या गावांत रुजली. तीही एक संमिश्र रचनाच आहे. प्रश्न इतकाच आहे, की पुस्तकाच्या भाषेकडे जाणारा रस्ता घरच्या बोलीवरून जातो की ती बोली दाबून टाकून जातो. पहिलीतील मुलाला सुरुवातीचे काही महिने आपल्या बोलीत उत्तर देण्याची मुभा असणे, वर्गातल्या सगळ्या भाषांतील शब्दांचा भिंतीवर तक्ता असणे, आणि मुलाच्या बोलण्याला कोणी हसल्यास शिक्षकाने ते खपवून न घेणे, यांसाठी शासकीय निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

६. पूर्वसुरींची उदाहरणे आणि वर्गातील काम

या दिशेने जाण्यासाठी परदेशी नमुन्यांचीच गरज आहे असे नाही. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहतील, एकत्र स्वयंपाक करतील आणि एका पंक्तीला जेवतील, हा त्याचा गाभा होता. जातिसमतेवर व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी दिनक्रम बदलला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला नेलेले काम दुसऱ्या अंगाने महत्त्वाचे आहे. गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळेचा, म्हणजे मुले जेथे गुरे चारतात तेथेच शिकवण्याचा प्रयोग केला. मेंढ्यांच्या वाड्याबरोबर सहा महिने फिरणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना हा प्रयोग आजही मार्ग दाखवतो. बारामतीतच १९६२ मध्ये सुरू झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेने ‘अनेकान्त’ हे नाव घेतले आहे. अनेकान्त म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात आणि कोणा एकाच्या दृष्टीत ते पूर्ण मावत नाही, हा जैन दर्शनाचा सिद्धान्त. बहुसांस्कृतिक शिक्षणाला तत्त्वज्ञानाचा आधार हवा असेल, तर तो इतका जवळ आहे.

प्रत्यक्ष अध्यापनात याचे रूप काय असावे, याची काही उदाहरणे या परिसरातूनच देता येतात. एका मोळीचे सरासरी वजन, एका गाडीतील मोळ्या, टनाचा दर आणि वजा होणारी उचल, या आकड्यांवर गुणाकार, सरासरी, शेकडेवारी आणि व्याज शिकवता येते. कोयत्याबरोबर आलेले मूल त्या तासाला वर्गातले सर्वांत जाणते मूल ठरते, आणि ऊसमालकाच्या मुलालाही आपल्या घरच्या साखरेमागचा हिशेब कळतो. नीरा डाव्या कालव्याच्या नकाशावरून भूगोल शिकवताना पाणी कोठे पोचले आणि कोठे नाही, हे विचारता येते. उजनीच्या काठी पक्ष्यांचा पाठ मच्छीमार घरातल्या मुलाच्या नोंदींनी सुरू करता येतो. धनगरी ओवीची लय, तुकारामांचा अभंग आणि मोरोपंतांची आर्या एकाच आठवड्यात म्हणून घेतल्या, तर वृत्त आणि छंद यांचा फरक व्याख्येआधी कानाला कळतो. मोरगावच्या मनोऱ्यांचे रेखाटन कलेच्या तासाला आणि मालोजीराजांच्या मुलांच्या नावांची परंपरा इतिहासाच्या तासाला आली, तर धर्मांच्या देवघेवीवर वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

अशा कामात एक धोका असतो, तो टाळला पाहिजे. मुलाला त्याच्या जातीचा किंवा धंद्याचा प्रतिनिधी करून वर्गासमोर उभे करणे हा सन्मान होत नाही. धनगराच्या मुलाने ओवीच म्हणावी आणि कैकाड्याच्या मुलीने टोपलीविषयीच सांगावे, असा आग्रह धरला, तर जुना गावगाडा नव्या शब्दांत परत येतो. ज्ञान वर्गाचे व्हावे आणि मूल त्या ओळखीतून मोकळे राहावे, इतके अंतर शिक्षकाला राखावे लागते. मेंढपाळाच्या मुलीला खगोलशास्त्र आवडू शकते, आणि कारखान्याच्या संचालकाच्या मुलाला ओव्यांची गोडी लागू शकते. दोघांनाही त्याची मुभा देणे हेच शिक्षणाचे काम आहे.

७. निष्कर्ष

बारामती-इंदापूरच्या अनुभवावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की पाश्चात्त्य देशांत यजमान समाज आणि आलेला समाज या विभागणीवर जी बहुसंस्कृतिवादाची मांडणी झाली, ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. येथील बहुतेक सगळेच, कोणत्या ना कोणत्या पिढीत, पाण्यामागून किंवा कामामागून आलेले आहेत. दुसरा असा, की मिश्र संस्कृती ही समतेची हमी नाही. जातिव्यवस्थेने शतकानुशतके सरमिसळ आणि विषमता एकत्र नांदवली, आणि शाळेने त्यांतली पहिली जपून दुसरी मोडायची आहे. तिसरा असा, की सांस्कृतिक सन्मानाची सुरुवात प्रवेशापासून होते. स्थलांतरित मुलाचे नाव हंगामापुरते का होईना पटावर लागल्याशिवाय बाकी सर्व चर्चा सजावटीची ठरते.

यासाठी शासनाने, जिल्हा परिषदेने आणि साखर कारखान्यांनी एक गोष्ट तातडीने केली पाहिजे: गाळपाचा परवाना, मजुरांच्या टोळ्यांच्या याद्या आणि शाळांचे पट यांची सांगड घालून, गाळप सुरू होताच प्रत्येक तळावरील मुलांची नोंद जवळच्या नियमित शाळेत झाली पाहिजे, आणि बाहेर जाणाऱ्या वाड्यांतील मुलांचीही तशीच नोंद ते जेथे पोचतील तेथे झाली पाहिजे. ज्या तालुक्यांनी सहकाराच्या बळावर उसाच्या प्रत्येक टनाचा हिशेब ठेवायला महाराष्ट्राला शिकवले, त्यांनी तो ऊस तोडणाऱ्यांच्या प्रत्येक मुलाचा हिशेब ठेवावा. ते करण्याची क्षमता या परिसरात निश्चितच आहे, आणि म्हणूनच ते न केल्याची सबब येथे चालणार नाही.